उरलेले एकशे नव्वद मीटर

रजा अजून एक दिवस शिल्लक होती.
कपडे बादलीत, बुटांच्या खाचांत
अजून तिकडची राखाडी माती,
आणि नाकाचं सोललेलं कातडं
कोपरखैरण्याच्या दमट हवेत चुरचुरत होतं.

खिंड होती चार हजार सहाशे ऐंशी मीटरवर.
मी वळले चार हजार चारशे नव्वदला.
सोपी वजाबाकी आहे.
बँकेत तीस वर्षं याहून कठीण जुळवल्या.

आमची इमारत सोळा मजल्यांची.
मजल्याला तीन मीटर धरले तर चार फेऱ्या,
वर दोन मीटर शिल्लक.
चढायचं जिन्याने, खाली यायचं लिफ्टने,
उतार हिशेबात धरायचा नाही.
पाठीवर तीच सॅक, आत दहा किलो कोलम,
सरावासाठी तीन महिने वाहिलेला,
जाताना कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला.

तिसऱ्या मजल्यावर घरतांच्या दारात
वर्तमानपत्रावर सुकट पसरलेली.
पाचव्यावर एक तीनचाकी, दोनच चाकांची.
बिरजू खालून ओरडला,
मॅडम, लिफ्ट चालू आहे!
माहीत आहे, म्हटलं.
तिथेही एकजण म्हणाला होता,
मावशी, घोडं मिळतं.

तिथे चालणं म्हणजे मोजणं.
वीस पावलं, थांबा. बारा पावलं, थांबा.
मग नुसतं एक पाऊल
आणि त्यानंतर लांबलचक विचार, की आता दुसरं.
भातसुद्धा शिजेना. पाणी लगेच उकळायचं,
आणि शीत आतून कच्चंच.
पाणी इथे नुसतं नाचतं, तापत नाही,
नेगी म्हणायचा, आणि तोच कचकचीत भात
मिटक्या मारत खायचा.

रात्री अडीचला निघालो.
विजेरीच्या उजेडात पुढच्याच्या टाचा,
जग तेवढंच.
उजाडलं तेव्हा विदिशा म्हणाली, मागे बघा, मागे!
शिखरं पेटली वगैरे असतील.
मी माझं बोट बघत होते.
नेगीने त्याला चिमटा लावला होता.
एकाहत्तर.
बोट चोळून, फुंकर घालून पुन्हा लावला.
एकाहत्तर.

हा आकडा माझ्या ओळखीचा.
वाशीला, खाट क्रमांक चौदा, काचेपलीकडे
श्रीरंगच्या बोटाला असाच चिमटा होता.
त्याच हाताने त्याने टाटा केला
तेव्हा लाल ठिपका हवेत
इकडून तिकडे गेला, एवढं आठवतं.
त्याला कुणी विचारलं नाही, वळायचं का.

मला नेगीने विचारलं.
दहा मिनिटं बसून बघू दीदी,
की वळायचं?
वळू या, म्हटलं.
विदिशाला वाटलं, मी घाबरले.
वाटू दे.

तिसरी फेरी कशी संपली ते आठवत नाही.
चौथीला सातव्या मजल्यावर
ईराने दार उघडलं, तोंडात ब्रश.
आजी, पुन्हा? कुठे चाललात?
वर.
वर काय आहे?

वर गच्चीचं दार आहे. त्याला कुलूप आहे.
किल्ली सेक्रेटरीकडे
आणि सेक्रेटरी सावंतवाडीला.
जाळीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
खडीसाठी खाल्लेली कूस
आपल्याकडे करून बसलेला.
मांड्या थरथरत होत्या. सॅक भिंतीला टेकवली.
खिशातून चिमटा काढून बोटाला लावला.
सत्त्याण्णव.
इकडेतिकडे पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

दोन मीटर जास्तीचे झाले.
ते कुठल्या खात्यात टाकायचे कळेना,
तसेच ठेवलेत.

खाली आले. सॅक उघडली,
कडुनिंबाची पानं वेचून काढली,
वाटीभर तांदूळ धुऊन कुकरला लावला.
तीन शिट्ट्या.
झाकण पडायची वाट पाहिली.
मग एक शीत काढून
त्याच बोटाने दाबून बघितलं.